नागसेनचे रविवार

नागसेन पाच वर्षांनी दारात आला तेव्हा आबाराव ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. जानेवारीतला रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. फाटकाची कडी वाजली म्हणून त्यांनी मान वर केली. पांढरा शर्ट, बारीक कापलेले केस आणि हातात केळ्यांची पिशवी, असा तो माणूस त्यांना आधी ओळखूच आला नाही. त्यानं वाकून जयभीम केला तेव्हा आवाजावरून ओळख पटली. आबारावांनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं आणि ते उभे राहिले.

नागसेन त्यांचा जावई. त्यांची एकुलती एक लेक भाग्यश्री त्याला दिली होती आणि ती त्याच्या घरातून मरणाच्या दारात असतानाच बाहेर पडली होती. त्यानंतर तो कळंबला एकदाच आला, तोही पिऊन. फाटकाला धरून रडला, पोरीला बघू द्या म्हणाला. आबारावांनी त्याला बखोटीला धरून गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन सोडलं होतं. पोर तेव्हा तीन वर्षांची होती आणि आत झोपलेली होती.

"कशाला आलास?" आबारावांनी विचारलं. पूर्वी ते जावयाला अहोजाहो करायचे.

"पोरीला बघायला, मामा. बघून जातो."

आबाराव त्याला बस म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. तेवढ्यात त्यांची बायको केशरबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी जावयाकडं बराच वेळ बघितलं. त्याचे डोळे स्वच्छ होते, हात थरथरत नव्हते. त्यांनी तांब्या त्याच्यापुढं धरला. मागोमाग नात संघप्रिया बाहेर आली, आठ वर्षांची, दोन वेण्या घातलेली, बडबडी. हे कोण आलेत म्हणून तिनं विचारलं. आबाराव काही बोलायच्या आत केशरबाईंनी सांगून टाकलं.

"तुझे पप्पा हायत, बाळा."

पोरीला सांगितलेलं होतं ते असं: आई तापानं गेली आणि पप्पा पुण्याला कंपनीत असतात. हे आबारावांनीच ठरवलं होतं. त्यामुळं तिनं पहिला प्रश्न विचारला तो पुण्याहून यायला किती वेळ लागतो हा. नागसेननं सासऱ्याकडं बघितलं आणि म्हणाला, मी आता येरमाळ्यालाच असतो, एसटीनं पाऊण तास लागतो.

आबारावांनी तीस वर्षं कळंबच्या मोंढ्यात मापाडी म्हणून काढली होती. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, वजन सांगायचं. आडत्यानं डोळा मारला तरी त्यांचा काटा कधी हलला नाही, अशी त्यांची ख्याती होती. वस्तीतला विहार उभा राहिला तोही त्यांच्यामुळं. घरटी विटा मागून, सुट्टीच्या दिवशी स्वतः गारा कालवून त्यांनी भिंती चढवल्या होत्या. दर पौर्णिमेला तिथं ग्रंथ वाचायचा तो त्यांनी आणि वाचून झाल्यावर चार शब्द सांगायचे तेही त्यांनीच. कसाही माणूस असला तरी तो धम्मानं बदलतो, हे त्यांचं ठरलेलं सांगणं. वस्तीतल्या दोघातिघांनी त्यांचं ऐकून दारू सोडलीही होती. त्यांच्या बायका अजून रस्त्यात दिसल्या की आबारावांच्या पाया पडायच्या.

भाग्यश्रीचं लग्न त्यांनी मुलाचं शिक्षण बघून केलं होतं. बारावी झालेला, स्वतःचा पिकअप चालवणारा. पितो हे नंतर कळलं. आबाराव दोनदा येरमाळ्याला जाऊन त्याला समजावून आले, तिसऱ्यांदा भांडून आले. मग भाग्यश्रीच म्हणाली, तुम्ही नका येत जाऊ, तुम्ही गेल्यावर जास्त होतं.

दुसऱ्या खेपेला तिला पाचवा महिना होता. ऑक्टोबरातल्या एका सकाळी तिच्या पोटात कळा यायला लागल्या, अंगावरून जायला लागलं. तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, सोयाबीनची एवढी खेप टाकून येतो तासाभरात, मग गाडीतच दवाखान्यात जाऊ. खेप त्यानं टाकली. येताना हायवेवर दोन ओळखीचे ड्रायव्हर भेटले आणि तो त्यांच्याबरोबर ढाब्यामागं बसला. ती फोन करत राहिली. अकरा वेळा केला. मध्येच कधीतरी त्यानं फोन बंद करून टाकला. गाडी घेऊन येतोय या भरवशावर तिनं दुसऱ्या कुणाला हाक मारली नाही आणि मग मारायची ताकद राहिली नाही. आजूबाजूची माणसं शेतात गेलेली होती. दुपारी चारला शेजारीण परत आली तेव्हा आतून पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता, म्हणून तिनं दार ढकललं. जीपमधून धाराशिवला नेताना वाटेतच भाग्यश्री गेली. पोलिसांत काही झालं नाही. कुणी मारलेलं नव्हतं, विष दिलेलं नव्हतं. आबाराव दहाव्या दिवशी पोरीला उचलून कळंबला घेऊन आले.

असा हा नागसेन आता दर रविवारी यायला लागला. दहाच्या सुमारास यायचा आणि दोनच्या एसटीनं परत जायचा. पहिले दोन महिने तो ओट्यावरच बसला, बोलावल्याशिवाय घरात आला नाही. महागाची वस्तू कधी आणली नाही. बोरं आणायचा, हरभऱ्याचा ढाळा आणायचा. पोरीच्या वह्यांना कव्हरं घालून दिली, दप्तराचा तुटलेला पट्टा जाड सुईनं शिवून दिला. संघप्रियाला प्रश्न विचारायची सवय होती. पंक्चर कसं सापडतं, कासव घरात राहतं की घर कासवावर राहतं, माणूस मेल्यावर नाव कुणाला देतात. आबारावांना चार प्रश्नांनंतर कंटाळा यायचा. नागसेन एकेकाचं उत्तर विचार करून द्यायचा, आणि माहीत नसलं तर माहीत नाही म्हणायचा. तिसऱ्या रविवारी तिनं त्याला त्रिशरण पंचशील म्हणून दाखवलं, एकही चूक न करता. तो हात जोडून ऐकत होता. शेवटचं शील दारूचं. ते ऐकताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

मार्चमध्ये तो एकदा आबारावांशी एकटा बोलला. पोर शेजारी खेळायला गेली होती. दारूनं लिव्हर खराब झालं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता पुन्हा प्यालास तर वाचणार नाहीस. पण भीतीनं दारू सुटत नाही, असं तो म्हणाला. डॉक्टरनं सांगितल्यावरही तो महिनाभर पीतच होता. बहीण त्याला ओढून श्रामणेर शिबिरात घेऊन गेली. दहा दिवस डोकं भादरून, चीवर अंगावर घेऊन तो भंतेजींच्या मागं भिक्षापात्र घेऊन फिरला. पाचव्या दिवशी एका म्हातारीनं त्याच्या पात्रात भाकरी घातली आणि त्याच्या पाया पडली. ती त्याच्या पाया पडावी असं त्याच्यात काही नव्हतं. ती ज्याच्या पाया पडली तसं व्हायला पाहिजे, एवढं त्याला त्या दिवशी वाटलं. त्या गोष्टीला चौदा महिने झाले होते आणि तेव्हापासून त्यानं दारूला हात लावला नव्हता. पिकअप विकून टाकला होता. आता हायवेला टायरच्या दुकानात कामाला होता आणि संध्याकाळी विहारात पोरांचा वर्ग घ्यायचा.

"मामा, म्या माफी मागायला आलो न्हाय," तो म्हणाला. "ती मागायची माझी लायकी न्हाय. पोरीला बाप असावा, एवढंच म्हणणं हाय."

आबाराव म्हणाले, बघू.

त्यांनी खरंच बघायचं ठरवलं. चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला येरमाळ्यात माणसांना उभं राहायला जागा नसते. पिणारा माणूस यात्रेच्या दिवसांत प्यायल्याशिवाय राहणार नाही, असं धरून ते त्या गर्दीत घरात न सांगता गेले. टायरच्या दुकानासमोर उसाच्या रसाच्या गाड्यावर तीन तास बसून राहिले. नागसेन कोपरापर्यंत काळ्या हातांनी चाकं काढत होता आणि बसवत होता. जेवायला बाजूला बसला तेव्हा त्यानं डब्यातली अर्धी भाकरी दुकानामागच्या कुत्र्याला घातली. मग आबाराव देशी दारूच्या दुकानाशी गेले आणि तिथल्या माणसाला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो माणूस हसला. नागसेन सव्वा वर्षात इकडं फिरकलेला नाही, आमचं एक गिऱ्हाईक गेलं म्हणायचं, असं तो म्हणाला. त्यांनी शेजारणीला गाठलं, जिनं भाग्यश्रीला जीपमध्ये घातलं होतं तिला. ती म्हणाली, लई बदलला बगा आबा, देवमाणूस झालाय.

परतीच्या एसटीत आबारावांना बसायला जागा मिळाली. ते एक प्याला शोधायला गेले होते आणि तो त्यांना मिळाला नव्हता. आपल्याला बरं वाटायला हवं, हे त्यांना समजत होतं. सहा वर्षं त्यांनी मनाची समजूत घातली होती की लेक एका दारुड्याच्या हाती पडली आणि दारुडा काही सुधारत नसतो. आता तो सुधारला होता. म्हणजे तेव्हाही सुधारू शकला असता. त्याच्या अंगात हे सगळं होतं, ही अर्धी भाकरी कुत्र्याला घालणं, प्रश्नांना उत्तरं देणं, आणि त्यातलं भाग्यश्रीच्या वाट्याला काहीच आलं नाही. ती मेली तेव्हा तो ढाब्यामागं बसला होता आणि आता लोक त्याला देवमाणूस म्हणत होते. आबारावांना वाटलं, हा असाच दारुडा मेला असता तर मी त्याला कधीतरी माफ केलं असतं.

केशरबाईंचं मन केव्हाच वळलं होतं. त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता त्यांनी विषय काढला. आपल्या माघारी पोरीचं कोण, असं त्या म्हणाल्या. बाप हाय, चांगला हाय, त्याची बहीण शेजारीच राहते. आबाराव म्हणाले की तुझ्या लेकीला त्यानं मारलं. केशरबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"व्हय. आन् मी इसरले न्हाय. पर ही त्याची लेक हाय."

मे महिन्याच्या सुरुवातीला नागसेनच्या शिबिरातले भंतेजी स्वतः घरी आले. नागसेन बरोबर नव्हता, त्यांनीच त्याला आणलं नव्हतं. भंतेजींना आबाराव वीस वर्षं ओळखत होते, विहाराच्या पायाभरणीला तेच आले होते. ते म्हणाले की निर्णय तुमचा आहे, पण तुम्ही आयुष्यभर जे सांगत आलात ते तुमच्या घरात घडतंय, ते तुम्ही ओळखावं असं मला वाटतं. आबाराव हो म्हणाले. ठरलं ते असं की बुद्ध पौर्णिमेनंतरच्या रविवारी नागसेननं पोरीला सुट्टीसाठी न्यावं, आणि तिला करमलं तर जूनपासून तिचं नाव येरमाळ्याच्या शाळेत घालावं. संघप्रियानं त्याच दिवशी कपड्यांची पिशवी भरायला घेतली. तिकडं खिडकीतून हायवे दिसतो का, हे तिला आजीकडून जाणून घ्यायचं होतं.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी आबाराव तिला विहार झाडायला घेऊन गेले. दरवर्षी ती दोघं मिळूनच झाडायची. बाहेर ऊन पेटलं होतं, वस्ती झोपली होती. फरशी झाडून झाली, मूर्तीवरची धूळ पुसून झाली. संघप्रिया येरमाळ्याबद्दल बोलत होती, पप्पा मला टायरच्या ट्यूबवर पोहायला शिकवणार आहेत म्हणत होती. आबारावांनी तिला खाली बसवलं.

"तुझी आई तापानं गेली न्हाय," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. पोटातली कळ, रक्त, सोयाबीनची खेप, ढाबा, अकरा फोन. काही वाढवून सांगितलं नाही. मोंढ्यात वजन सांगायचे तसं, जेवढं होतं तेवढंच, एकेक करून. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. सांगताना आपण काय करतोय हे त्यांना पूर्ण कळत होतं, आणि पोरीच्या तोंडावरचा रंग बदलत गेला तरी ते थांबले नाहीत.

संघप्रियानं एवढंच विचारलं, "मी कुठं होते?"

"तिच्याजवळच होतीस. रडत होतीस."

तिनं केरसुणी उचलून कोपऱ्यात नीट उभी केली. घरी आल्यावर ती जेवली नाही. केशरबाईंना वाटलं ऊन लागलं असेल, म्हणून त्यांनी तिला कांदा आणि गुळाचं पाणी दिलं.

रविवारी नागसेन आला. बहिणीनं दिलेला नवा फ्रॉक त्यानं पिशवीत आणला होता. संघप्रिया बाहेर येईना. केशरबाई तिला दोनदा बोलवायला गेल्या. शेवटी ती दारापर्यंत आली आणि चौकट धरून उभी राहिली.

"पप्पा, आईनं फोन केला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

केशरबाईंनी आबारावांकडं बघितलं. आबाराव अंगणातल्या कडुनिंबाकडं बघत होते. नागसेन ओट्यावर बसलेला होता, तो उठून उभा राहिला. त्याला खोटं बोलता आलं असतं. गाडी बंद पडली होती म्हणता आलं असतं, रेंज नव्हती म्हणता आलं असतं. आठ वर्षांच्या पोरीनं ते मानलंही असतं, कारण तिला ते मानायचंच होतं.

"ढाब्यावर होतो," तो म्हणाला. "दारू पीत होतो. फोन म्याच बंद केला."

ती आत गेली आणि तिनं आतून कडी लावली. कुणी सांगितलं हे नागसेननं विचारलं नाही. मी सांगणारच होतो, ती जरा मोठी झाल्यावर, असं तो हळू आवाजात म्हणाला, आणि फ्रॉकची पिशवी ओट्यावर ठेवून निघून गेला.

त्या दिवसापासून केशरबाई नवऱ्याशी बोलायच्या थांबल्या. ताट वाढायच्या, अंघोळीचं पाणी काढायच्या, पण तोंडातून शब्द नाही. आबारावांना वाटलं, होईल चार दिवसांत सगळं पहिल्यासारखं. पोर आपल्याजवळ राहिली, याचं समाधान पहिले काही दिवस त्यांना खरोखर वाटलं. ते तिला घेऊन बाजारात गेले, कलिंगड घेतलं. तिनं दोन फोडी खाल्ल्या. जाताना आणि येताना तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

नागसेन पुढचे पाच रविवार आला. ओट्यावर बसायचा, दोन वाजेपर्यंत थांबायचा, आणि जायचा. आतली कडी उघडली नाही. चौथ्या रविवारी पाऊस होता आणि तो भिजलेल्या कपड्यांत तसाच बसून राहिला. केशरबाईंनी पंचा दिला, जेवायला बसा म्हणाल्या. त्यानं चहा तेवढा घेतला. सहाव्या रविवारी तो आला नाही. सातव्याला आला नाही. श्रावणात येरमाळ्याहून आलेल्या एकाकडून कळलं की त्यानं विहारातला वर्ग बंद केलाय. पोळ्याच्या सुमारास कळलं की टायरच्या दुकानातून त्याला काढून टाकलं.

वस्तीतली माणसं आबारावांना भेटून बोलायची. बरं झालं पोरीला पाठवलं नाही, असं म्हणायची. तुमची नजरच तशी आबा, तुम्ही आधीच ओळखलंत. आबाराव मान हलवायचे. एकदा ते मनाचा धडा करून येरमाळ्याला निघालेही होते. स्टँडवर एसटी लागली, माणसं चढली, आणि ते खालीच उभे राहिले. तिथं जाऊन नेमकं काय बोलायचं हे त्यांना सुचलं नाही. गाडी गेल्यावर ते मोंढ्यात जाऊन जुन्या काट्याजवळच्या पोत्यांवर बसले आणि संध्याकाळी घरी आले.

दिवाळीनंतर नागसेनच्या बहिणीचा फोन आला. रक्ताची उलटी झाली होती, धाराशिवला दवाखान्यात ठेवलं होतं. आबाराव त्याच दिवशी गेले. खाटेवरच्या माणसाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि पोट फुगलं होतं. नागसेननं त्यांना ओळखलं. जयभीम करायला हात उचलायचा प्रयत्न केला, पण हाताला सलाइनची सुई होती.

आबाराव स्टुलावर बसले. त्यांनी सांगितलं की पोरीला मी सांगितलं, मुद्दाम सांगितलं, तिनं तुझ्याकडं येऊ नये म्हणून.

"मला म्हाईत हाय, मामा," नागसेन म्हणाला. बोलायला त्याला वेळ लागत होता. "तुमी खोटं थोडंच सांगितलं."

"खरं व्हतं म्हनूनच सांगितलं. खोटं असतं तर माझ्याच्यानं सांगवलं नसतं."

नागसेननं डोळे मिटले. मग त्यानं विचारलं की प्रिया आली का. आबाराव म्हणाले, उद्या आणतो. ते शेवटच्या गाडीनं कळंबला आले आणि आल्या आल्या पोरीपुढं बसून त्यांनी तिला विचारलं, येशील का. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिघं पहिल्या एसटीनं निघाली. दहाला वॉर्डात पोचली तेव्हा नागसेनला शुद्ध नव्हती. पहाटे पुन्हा उलटी झाली होती. बहीण कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसली होती. संघप्रिया खाटेजवळ गेली. तिनं नर्सला विचारलं, यांना ऐकू येतं का. नर्स म्हणाली, येतही असेल, बोल तू.

"पप्पा, मी आलेय," संघप्रिया म्हणाली. थोडं थांबून तिनं पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्यानं. मग ती दुपारपर्यंत त्याचा सुई नसलेला हात धरून उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही. चारच्या सुमारास तो गेला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम येरमाळ्याच्या विहारात झाला. कळंबच्या वस्तीतली माणसंही टेम्पो करून आली होती. भंतेजींनी परित्राण पाठ केला. दोघेतिघे बोलले. चांगला पोरगा होता, दारूनं घात केला, असं सगळ्यांनीच म्हटलं. मग नेहमीप्रमाणं लोकांनी आबारावांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, धोतर, डोक्याला पांढरा पटका. पुढच्या रांगेत केशरबाईंच्या शेजारी संघप्रिया बसली होती.

"नागसेन दारूनं गेला असं तुमी म्हनता," ते म्हणाले. "तो दीड वर्सं प्याला न्हवता. म्या स्वतः येऊन बगून गेलो व्हतो, चोरून. तो खरंच बदलला व्हता आन् मला ते सहन झालं न्हाय. म्या पोरीला त्याच्यापासनं तोडलं. तोडल्यावर तो पुन्हा प्याला. वीस वर्सं तुमाला सांगत आलो की मानूस बदलतो. माझ्या दारात बदललेला मानूस बसला व्हता, त्याला म्या आत घेतलं न्हाय. हितनं म्होरं मला बोलायला उठवू नका."

ते खाली बसले. एक बाई रडायला लागली, तिला दुसरीनं गप्प केलं. कार्यक्रम संपल्यावर माणसं त्यांच्या बाजूनं जाताना मान खाली घालून जात होती. भंतेजी तेवढे जवळ आले आणि म्हणाले की हे तुम्ही मला मे महिन्यात सांगायला हवं होतं. आबाराव म्हणाले, व्हय.

घरी आल्यावर संघप्रिया त्यांच्या समोर येऊन बसली. केशरबाई पालक निवडत होत्या.

"आबा, मी बाहेर आले असते तर पप्पा मेले नसते ना?"

"ते तुझ्याकडं न्हाय," आबाराव म्हणाले. "ते माझ्याकडं हाय. तू लहान हायस. तुझ्यावर म्या वजन टाकलं."

"पण मेले नसते ना?"

आबारावांनी केशरबाईंकडं बघितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"मला वाटतं, नसते मेले," ते म्हणाले.

तिनं मान हलवली आणि ती अभ्यासाला बसली.

चौथीची परीक्षा झाल्यावर तिनं स्वतःच सांगितलं की तिला वसतिगृहाच्या शाळेत जायचं आहे. शाळेतल्या बाईंनी फॉर्म दिला होता, तो तिनं भरून ठेवला होता, फक्त सही राहिली होती. केशरबाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं की इथं काही कमी आहे का, तुझं मन दुखलंय का. ती म्हणाली, नाही आजी, तिथं शाळा चांगली आहे. आबारावांनी सही केली. जूनमध्ये ती तुळजापूरच्या बाजूला एका शाळेत गेली.

आता ती सुट्टीला येते. आली की आजीच्या गुडघ्यांना तेल लावते, पाणी भरते, आबांच्या गोळ्या वेळच्या वेळी काढून देते. मोठ्यानं हसत नाही, हट्ट करत नाही. दोघांशी ती फार नीट वागते, दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला आलेल्या माणसासारखी. केशरबाई नवऱ्याशी कामापुरतं बोलायला लागल्या आहेत. आबाराव विहारात जातात ते मागच्या भिंतीला टेकून बसतात, आणि ग्रंथ दुसरं कुणीतरी वाचतं.

सुट्टी संपली की आबाराव तिला सोडायला स्टँडवर जातात. तिची पिशवी ती त्यांना उचलू देत नाही. खिडकीपाशी बसून ती तब्येतीला जपा म्हणते, ते व्हय म्हणतात. गाडी सुटते आणि ते पायी घरी येतात. काही बोलली का, असं केशरबाई विचारतात. काही न्हाय, असं सांगून ते चपला काढतात.